बिनपाळीचा महिना

२७ ऑक्टोबर २०१४, शांगवान
अधिक नवव्या महिन्याचा चौथा दिवस

यिंदी,

माझा हात कोपरापर्यंत चुलीत होता तेव्हा तुझी आई दारात आली. डोक्यावर कुट्टूच्या वाळक्या पेंढ्यांचा भारा. तो खाली न टाकता भाऱ्याखालूनच म्हणाली, "उंदीर हरवलाय का गं तुझा?"

मी हात बाहेर काढला. राख गरम होती.

"बटाटा हवा असेल तर डाव्या अंगाला पुरलाय. उजवीकडं भाजतं."

तिने मला ओळखलं नव्हतं. पाच वर्षांत मी जाड झाले, चष्मा लागला. मी नाव सांगितलं तेव्हा भारा दाणकन खाली पडला. "विद्यापीठवाली! यिंदीच्या रजईत शिरून झोपायचीस ती!" मग तिने स्वतः बटाटा उकरून काढला, फुंकला, निम्मा मला दिला. मीठ संपलं होतं, ते तिने सांगितलं नाही. मी मडक्यात पाहिलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझ्या कारखान्याचा पत्ता मागच्या वर्षीच्या पार्सलच्या कापडावर होता, आईने ते कापड बटाट्यांवर घातलं आहे.

मी पुन्हा कामावर आले आहे. तालुक्याने गरीब कुटुंबांच्या याद्या केल्या आहेत, त्या तपासायला आमच्या विद्यापीठाला सांगितलंय. अकरा गावं, सहा माणसं. शांगवान माझ्या वाट्याला आलं. पद्धत जुनीच. एक चूल, एक कुटुंब. जे एका चुलीवरचं खातात त्यांचं एक पान. आमचे यानसर म्हणायचे, माणसं पाहुण्यापुढे लाज राखून बोलतात, राखेला पाहुणा कळत नाही, तेव्हा आधी चुलीत हात घाला. म्हणून घातला.

तुझी आई पाळीने मुलांकडे जेवते अशी आमच्याकडे नोंद आहे. मग तिच्या खोलीत गरम राख कशी, याचं मला आश्चर्य वाटलं. एवढंच कळवायचं होतं.

आई बरी आहे. पाठीत वाकली आहे. उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

रूईयुन


३१ ऑक्टोबर

यिंदी,

चार दिवस घरोघर फिरले. आता जे आहे ते सरळ लिहिते.

तुझ्या आईच्या खोलीची उत्तरेकडची भिंत पोटाशी फुगली आहे. बाहेरून पॉप्लरचे दोन वासे लावून ती धरून ठेवली आहे. वाशांच्या खाली दगड आहेत आणि दगडांखालची माती दरवर्षी वाहून जाते. मी भिंतीवर तळहात ठेवला तर आतल्या बाजूने मातीचे खडे गळल्याचा आवाज आला. बर्फ पडून वितळलं की ती खाली येणार. मी बांधकामातली नाही, पण हे कुणालाही कळेल.

या यादीत ज्याचं पान आहे त्याला वसंताआधी विटांची नवी खोली बांधून मिळते. तुझ्या आईचं पान नाही. ती थोरल्या मानत्सांगच्या पानावर आहे. मानत्सांगकडे तीनचाकी आहे, फरशीचं घर आहे, म्हणून ते पान गरीब नाही. यादी पंधरा नोव्हेंबरला ठरेल आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागेल. त्याआधी तिचं पान वेगळं झालं तर खोली. नाही झालं तर ते दोन वासे.

आईला मी पुन्हा विचारलं, जेवतेस कुठे?

"मुलांकडं की. महिना इकडं, महिना तिकडं. मटण घालतात मला. नको नको म्हणते तरी घालतात."

"आणि ही चूल?"

"ही झोपायचा ओटा तापवायला. म्हातारीचं ढुंगण गार पडू नये म्हणून."

चुलीवरच्या कढईत आंबवलेल्या भाजीचं पाणी होतं आणि त्यात तीन बटाटे. तिने झाकण माझ्यासमोरच हळूच सरकवलं.

तुमच्या घरात असं काही आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगू? तू मला त्या उन्हाळ्यात स्पष्ट सांगायला हवं होतंस. मी परकी. माणसाने दाखवलं तेवढंच मला दिसणार.

मी प्रयत्न करते आहे हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

रूईयुन


५ नोव्हेंबर

यिंदी,

तुझ्या दोन्ही वहिन्यांना भेटले. दोघी बटाट्यांच्या खड्ड्याशी होत्या, थोरली आत उतरून देत होती, धाकटी वर घेत होती. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण काम नीट चाललं होतं.

मी पाळीचं विचारलं. थोरली खड्ड्यातूनच म्हणाली, "माझ्या वाट्याला तिसाचे महिने आले बाई. तिला नशिबाने एकोणतिसाचे. कॅलेंडर काढून बघ."

"आणि नव्या वर्षाचं डुक्कर कुणाच्या महिन्यात कापतात?" धाकटी वरून. "बाराव्यात. बारावा कुणाचा? माझा. डुकराची एक तंगडी म्हणजे तुझे किती तीस दिवस, मोज."

"तंगडी! कान दिला होतास कान."

"आईंना दात नाहीत. कानच चांगला."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग मी विचारलं, पाळी थांबली कधी, आणि दोघी पुन्हा बटाट्यांकडे वळल्या.

शेवटी थोरलीने सांगितलं. विषम महिने तिचे, सम महिने धाकटीचे. दोन हजार नऊला पाचवा महिना अधिक आला. थोरलीचं म्हणणं, मी पाचवा केला, माझा झाला. धाकटीचं म्हणणं, अधिक असला तरी पाचवा तो पाचवाच, तूच कर. त्या महिन्यात आईने कुणाकडेच न जाता आपल्या खोलीत चूल घातली. म्हणाली, एक महिन्याचं काय. मग सहावा आला. धाकटी म्हणाली, थोरली अधिकाचा हिशोब चुकता करीत नाही तोवर मी सहावा सुरू करायची नाही. थोरली म्हणाली, सहावा झाल्याशिवाय सातवा कसा येईल.

तो सहावा महिना अजून सुरू व्हायचा आहे, यिंदी. पाच वर्षं झाली.

"मधे एक अधिक येऊन गेला, आता परत आलाय, तोही विषम," थोरली म्हणाली. "बघ म्हणजे झालं."

तुझे भाऊ वाईट नाहीत. ते तुला माहीत आहे. मानत्सांग पहाटे कोळशाचं पोतं आईच्या भिंतीशी ठेवून जातो, हाक मारत नाही. मानदुनने ते पॉप्लरचे वासे लावले. पण ताट घेऊन कुणी येत नाही. जो आधी ताट आणेल तो हरला, असं काहीसं झालं आहे.

मी गावचे सचिव लुओ यांच्याकडे गेले. त्यांना म्हटलं, तुम्ही गावातली सुनांची भांडणं मिटवता, ओढ्याच्या पाण्याची मिटवता. दोन भावांना बसवून ही पाळी का नाही लावून दिली?

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. तालुक्याने आमच्या दोन हजार नऊच्या सर्वेक्षणाची छापील प्रत प्रत्येक गावाला दिली होती. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. 'आई, वय ६७, मुलांकडे पाळीने जेवते. सध्या थोरल्याकडे.'

"हे विद्यापीठाचं," ते म्हणाले. "माणसं चर्चा करायची, म्हातारी एकटी शिजवते म्हणून. मी म्हणायचो, विद्यापीठाने घरात राहून लिहिलंय. छापील आहे. मी कशाला नाक खुपसू?"

त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. खाली सही माझी होती.

मी त्यांना म्हटलं, तेव्हा तसंच दिसलं असेल.

रूईयुन


१० नोव्हेंबर

यिंदी,

तुझं पार्सल आलं. आईने ते दुपारभर उघडलं नाही. अधिक महिन्यात लेकीने आईला बूट द्यायचे असतात, म्हणून सगळ्या गल्लीला कळलं पाहिजे ना. ते बंद पार्सल हातात घेऊन ती पाणी आणायला गेली, शेळीला चारा घालायला गेली. शेजारीण म्हणाली, "काय गं, फोड की, का आत जावई आहे?" तेव्हा फोडलं.

काळे, कापडी, आत लोकर. तळ तू शिवला आहेस, टाके ओळखता येतात. उजव्या बुटाचं टोक बसू नये म्हणून त्यात कागद कोंबला होता. आईने तो काढून मला दिला, "टाक चुलीत."

माझं पहिलं पत्र होतं. मागच्या बाजूला तुझ्या हाताने एकच ओळ: राख कधीपासून गरम आहे ते लिही.

लिहिते.

चौदा जुलै दोन हजार नऊ. मी तुमच्याकडे येऊन अकरा दिवस झाले होते. तू आणि आई कुट्टूच्या शेतात होतात. माझ्याकडे तुमच्या घराचा तक्ता अर्धा भरलेला होता. मी आईच्या खोलीत गेले आणि चुलीत हात घातला. राख गरम होती. शेजारी दोन बटाटे, एक वाटी, चॉपस्टिक्सची एक जोडी. दुसरी जोडी नव्हती.

मला कळलं. चष्मा नव्हता तरी दिसलं.

मग आई आली आणि तिने तेच सांगितलं जे आता सांगते. मुलांकडे जेवते. मटण घालतात. मी ते लिहून घेतलं. तक्त्याचा रकाना एकच नाव मागत होता. ती 'मुलांकडे' म्हणाली होती. 'सध्या थोरल्याकडे' हे मी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं की अधिक महिना आहे, महिन्याभराची गोष्ट आहे. पुढच्या महिन्यात पाळी सुरू होईल तेव्हा नोंद खरी ठरेल. म्हणजे मी थोडी आधी लिहिली, एवढंच.

हेही पूर्ण खरं नाही. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण पाळीच्या जेवणावर होतं. जिथे सरकार पोहोचत नाही तिथे म्हाताऱ्यांना ही जुनी रीत कशी जगवते, असं मला मांडायचं होतं. चार गावांची घरं मांडणीत बसत होती. यानसर म्हणाले होते, एक घर आतून दाखव, जिथे तू राहिलीस. मी तुमच्याच घरी राहिले होते. दुसरं घर शोधायला उन्हाळा उरला नव्हता.

बावीस पानं. त्यांतली 'त काकू', नाव बदलून घातलेली, तुझी आई आहे. त्या प्रकरणावर मला नोकरी मिळाली. प्रबंधाचं पुस्तक झालं ते मी तुला पाठवलं, तुला आवडेल असं वाटून. असं मी इतकी वर्षं म्हणत आले. तू ते वाचशील आणि काही बोलणार नाहीस, म्हणजे आपल्या दोघींत ते मिटेल, असं मला वाटत होतं. तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस. फोन उचलणं बंद केलंस.

आणि तू मला स्पष्ट सांगायला हवं होतंस असं मी लिहिलं होतं, मागच्या पत्राच्या मागच्या पत्रात. तू सांगितलं होतंस. मी निघाले त्या दिवशी गाडीरस्त्यापर्यंत माझी पिशवी तू घेतली होतीस. पाणवठ्यापाशी थांबलीस. शब्द मला पाठ आहेत: "आई आपलं आपण शिजवून खाते. ते लिही. कागद दिसला की सचिव दोघांना बसवेल. माझं कोण ऐकतं, मी दिलेली पोर."

मी म्हटलं, त्यासाठी रकाना नाही गं.

रकाना होता. शेवटचा. 'सर्वेक्षकाने स्वतः पाहिलेलं.' चार ओळींची जागा. तुमच्या घराच्या तक्त्यात मी तिथे लिहिलं, अंगणात जर्दाळूचं एक झाड.

शांगवान माझ्या वाट्याला आलं हेही तसंच. चिठ्ठी निघाल्यावर मी दोन जणांना बदलून घ्या म्हणून विचारलं. दोघे नाही म्हणाले.

रूईयुन


१४ नोव्हेंबर

यिंदी,

आज आईला सांगितलं. न सांगता लिहिणं मला जमलं असतं, पण ते मी एकदा केलं आहे.

ती ओट्यावर बसून तुझे बूट पायात घालून पाहत होती. रोज घालून बघते आणि परत कागदात गुंडाळते. मी म्हटलं, काकू, उद्या बैठक आहे. तुमचं वेगळं पान करायचं, स्वतःची चूल म्हणून. मग खोली मिळेल.

"आणि कारण काय लिहिशील?"

तिला माहीत होतं. गावात कुणाला काय विचारलं जातं ते सगळं तिला कळतं. म्हाताऱ्या माणसाचं पान मुलापासून वेगळं करायचं तर कारणाचा रकाना भरावा लागतो, आणि तिथे एकच कारण लिहायची रीत आहे. मुलं सांभाळत नाहीत. ते सात दिवस भिंतीवर राहतं, मुलांच्या नावासकट.

"मानत्सांगच्या पोराचं बघणं चाललंय," ती म्हणाली. "पोरगी खालच्या गावची. तिचा बाप आठवड्याला बाजाराला इथूनच जातो. त्याला वाचता येतं."

"काकू, भिंत पडेल."

"पडेल तेव्हा मी बाहेर असेन. मी काय दिवसभर घरात बसते होय?"

"आणि झोपलेल्या असाल तर?"

"तर झोपलेलीच राहीन. तुला काय गं, तू लिहिणार आणि जाणार. भिंतीवरचं वाचायला इथं माणसं राहणार." मग माझ्याकडे बघून जरा मऊ झाली. "त्या वेळी किती छान लिहिलं होतंस. सचिवाने वाचून दाखवलं होतं सगळ्यांना. मटण घालतात असंसुद्धा होतं त्यात. तसंच लिही की परत."

यिंदी, ती माझे आभार मानत होती. पाच वर्षं ती माझ्या खोटेपणाचे आभार मानत होती.

मी म्हटलं, नाही. उद्या सकाळी येईन, चूल पाहीन आणि दिसेल ते लिहीन.

"ये," ती म्हणाली. "येऊन बघ."

रूईयुन


१५ नोव्हेंबर

यिंदी,

आठला गेले. चूल नव्हती.

विटा दाराशी रचून ठेवलेल्या होत्या, एकेक वीट खरवडून काजळी काढलेली. कढई पालथी. चुलीच्या जागी ओली माती सारवली होती आणि त्यावर झाडूच्या रेघा. आई ओट्याच्या कडेला तुझे बूट घालून बसली होती. नखांत काळं होतं.

"घाल हात," ती म्हणाली. "कुठं घालायचाय तिथं घाल."

मी ओट्यावर हात ठेवला. चुलीचा धूर त्याच्याखालून जातो, म्हणून तो ऊब धरतो. गार होता. बाहेर हौदाच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा आला होता.

हे मी केलं. पहिल्या वेळी मी तिची चूल लिहिली नाही. या वेळी लिहिणार म्हटलं, तर तिने ती मोडली.

मी तिथे बसले. ती शेळीकडे गेली, आली. थोरली वहिनी फाटकापर्यंत आली, विटा पाहिल्या, परत गेली. मी तक्ता उघडून बसले होते. नियमाप्रमाणे आता काही प्रश्नच नव्हता. चूल नाही म्हणजे कुटुंब नाही. मी मानत्सांगच्या पानावर सही करून जेवायला जाऊ शकत होते, आणि या वेळी ते पाहिलेलं असतं.

मग मला तो शेवटचा रकाना आठवला, जर्दाळूच्या झाडाचा.

दुपारी दोनला बैठक. ग्रामकार्यालयात चौदा माणसं, मध्ये शेगडी, सूर्यफुलाच्या बिया फोडून खाण्याचा आवाज. मागच्या बाकावर तुझे दोघे भाऊ, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आई दाराशी स्टुलावर. सचिवांनी तिच्या नावाशी आल्यावर म्हटलं, चूल पाहिली, नाही. पुढे चला.

मी म्हटलं, थांबा.

मी उभी राहिले आणि सांगितलं की या बाईची स्वतःची चूल दोन हजार नऊच्या जुलैत मी पाहिली आहे. हात घालून पाहिली आहे. गावाची आजची नोंद ज्या कागदावरून आली तो कागद माझा आहे आणि तो खोटा आहे. तेव्हापासून तिचं पान वेगळं असायला हवं होतं. कारणाच्या रकान्यात कुणाच्या मुलाचं नाव घालू नका, माझं घाला.

 मग शेगडीपाशी बसलेला म्हातारा म्हणाला, "विद्यापीठसुद्धा चुकतं का?"

"तर काय. तिथं काय बटाटे पिकतात?" दुसरा म्हणाला, आणि माणसं हसली. मला ते हसणं बरं वाटलं. तेही तुला सांगून ठेवते.

सचिव म्हणाले, असं कारण आजवर कुणी दिलं नाही. मी म्हटलं, न देण्याचा नियम आहे का? त्यांनी नियमावली उलटली. नव्हता. हे तालुक्याला जाईल, तुमच्या विद्यापीठाला जाईल, ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. यानसरांना मी उद्या फोन करणार आहे. त्या बावीस पानांचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

मी लिहिलं: 'स्वतंत्र चूल प्रत्यक्ष पाहूनही सर्वेक्षकाने जाणूनबुजून नोंदवली नाही.' सचिव म्हणाले, रकाना लहान आहे, 'सर्वेक्षकाची चूक' पुरे. मी 'जाणूनबुजून' खोडलं आणि 'चूक' लिहिलं.

रकान्यात तो खोडलेला शब्द बसत होता, यिंदी. मी नंतर मोजून पाहिलं.

आईला अंगठा उठवायचा होता. तिने हात बाह्यांत खुपसून ठेवले होते.

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"पोरांची नावं?"

"नाहीत."

"परत वाच."

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मानदुन उठून बाहेर गेला. मानत्सांग खाली बघत बसला, त्याचे कान लाल झाले होते. आईने हात बाहेर काढला, लाल शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. नखातली काजळी कडेला उमटली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मटणाचं राहिलं का त्यात?"

मी म्हटलं, नाही काकू. ते काढलं.

 घरापर्यंत मी तिच्या मागे चालले. दाराशी तिने मला आत ये म्हटलं नाही.

कोळशाच्या शेगडीसाठी मी सचिवांच्या बायकोला विचारलं, तिने आपली जुनी दिली. ती आईच्या खोलीत नेऊन ठेवली. नेली तेव्हा मानत्सांग तिथे होता, उंबऱ्यात बसला होता.  मी लगेच निघाले.

हे पत्र उद्या टाकेन. तुला मी काही मागत नाही.

रूईयुन


१६ नोव्हेंबर, सकाळ

टाकण्याआधी एवढंच.

यादी साडेसातला ग्रामकार्यालयाच्या भिंतीवर लागली. सदतिसावं नाव: जिंग श्यांगये, वय ७२, कुटुंबात माणसं एक. तुझ्या आईचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं. मागच्या तक्त्यात मी 'आई' एवढंच लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात माझं नाव आहे.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती अंगणात पेंढा घालून माती कालवत होती. जुने बूट पायात, तुझे आत कागदात. मानत्सांगने पाण्याच्या दोन बादल्या आणून ठेवल्या आणि तो गेला.  मी दाराजवळच्या विटा उचलून देत गेले, ती लावत गेली. एक वीट उलटी दिली तेव्हा तिने ती माझ्या हातात परत दिली.

चूल वाळायला चार दिवस लागतील.